शेजारच्या गोठ्यात लाळ्या आलाय, आपला गोठा कसा वाचवायचा?

दावणवाला
मंडळी, आत्ताच धारा काढून घरी आलोय, घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गोठा संगमनेर तालुक्यात. लहानमोठी धरून १९ जनावरं. १२ दुधाच्या एचएफ (होल्स्टीन) गाया, चार कालवडी, तीन वासरं. दोन्ही वेळचं मिळून दीडशे लिटरच्या आसपास दूध डेअरीला जातं. बांधाच्या पलीकडे चुलतभावाचा गोठा आहे, मध्ये साठ-सत्तर फुटांचं अंतर. त्यानं आठ दिवसांपूर्वी बाजारातून एक गाभण गाय आणली. परवा सकाळी तिनं वैरणीला तोंड लावलं नाही म्हणून मला बोलावलं. बघतो तर लाळेच्या तारा पार गुडघ्यापर्यंत लोंबतायत, तोंडानं मचमच आवाज चाललाय आणि मागचा पाय सारखा झटकतेय. काल त्याच्या आणखी दोन गायांना तसंच झालं. डॉक्टर येऊन गेले, लाळ्या खुरकूतच म्हणाले.

आमच्या जनावरांना मागची लस सात महिन्यांपूर्वी टोचलीय. या फेरीची अजून आलेली नाही. दोन्ही गोठ्यांत धारेला गडी एकच. दूध एकाच गाडीनं जातं. आणि त्या दिवशी मी त्याच चपलांनी तिकडून सरळ आमच्या गव्हाणीपाशी आलो, तेव्हा डोक्यातच आलं नाही.

आता काय करू? आणि दुसरं, भाऊ म्हणतो बाहेर बोलू नकोस, डेअरीवाले कॅन परत पाठवतील. त्याचं तीन गायांचं दूध तसंही आटलंय. सांगावं की गप्प बसावं?

शिवारकन्या
आधी त्या चपला गोठ्याबाहेर काढा. बाकीचं डॉक्टर सांगतीलच.

पशुवैद्य_नगर
दावणवाला, मी पशुवैद्यक आहे, नगर भागातच काम करतो. तुमचे डॉक्टर सांगतील ते आधी ऐका. मी लिहितोय ते त्याच्या जोडीला.

गडी आजपासून एकाच गोठ्यात. तो तिकडे जाणार असेल तर तुमच्या धारा घरच्यांनी काढायच्या. या रोगात जनावराच्या तोंडात फोड दिसायच्या आधीच दुधातून, लाळेतून विषाणू बाहेर पडायला लागतो. म्हणजे तुम्हाला गाय चांगली दिसत असताना गड्याच्या हातावर, कपड्यांवर तो आलेला असतो.

फिनाईल या विषाणूला फारसं लागू पडत नाही. धुण्याचा सोडा आणा, किराणा दुकानात मिळतो. दहा लिटर पाण्यात ४०० ग्रॅम. दाराशी गोणपाट टाकून त्यावर हे पाणी ओतत राहा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्यावरून चालायला लावा. शेण-चिखल आधी खरवडून काढा. पायाला शेण असलं तर सोडा आत पोचत नाही.

वासरांना सगळ्यात जास्त जपा. लागण झालेल्या गाईचं कच्चं दूध वासरू प्यायलं की विषाणू त्याच्या हृदयाच्या स्नायूवर जातो. तोंडात फोड नाही, लाळ नाही, उभं वासरू कोसळतं. मोठी गाय सहसा मरत नाही, वासरं मात्र पटापट जातात.

लसीचं: आजारी जनावराला टोचायची नाही. आजूबाजूच्या निरोगी जनावरांना टोचायची, गावाच्या बाहेरून सुरुवात करून आत येत. पण लस दिली आणि दुसऱ्या दिवशी कवच तयार, असं होत नाही. दोन-तीन आठवडे जातात, आणि लागण होऊन अजून दिसायची बाकी असलेली जनावरं असतातच. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात. म्हणून तुमचे पुढचे पंधरा दिवस फार सांभाळण्याचे.

आणि हो, सांगायचं. १९६२ या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरला फोन करा. जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा २००९ चा कायदा आहे, त्यात असा आजार दिसला तर ग्रामपंचायतीला, पशुवैद्यकाला कळवणं आणि जनावर वेगळं ठेवणं हे मालकाचं कर्तव्यच आहे.

गोदाकाठ
आम्ही मागच्या साथीत दोन कॅन फिनाईल ओतलं होतं. सगळा गोठा वासानं घमघमत होता आणि एकामागून एक अकरा जनावरं लाळ गाळत होती. सोड्याचं आधी कुणी सांगितलं असतं तर! धागा वाचनखुणेत टाकला.

बाजारकरी
माझा जनावरांचा व्यापार आहे, घोडेगाव, काष्टी दोन्ही बाजार करतो. दरवेळी बोट बाजाराकडे जातं म्हणून लिहितो. बाजारात रोग कोण आणतं? गोठ्यात पहिल्या गाईनं लाळ गाळली की पुढच्या बाजाराला त्याच गोठ्यातल्या तीन चांगल्या दिसणाऱ्या गाया माझ्यासमोर उभ्या असतात. दहा-पंधरा हजार कमी सांगतात. का कमी, तर म्हणे घरी लग्न आहे. मी टेम्पोत भरतो, दुसऱ्या जिल्ह्यात उतरवतो. मला तरी काय कळणार? शेतकऱ्यानं लपवलं तर व्यापाऱ्याच्या गाडीतून रोग दोनशे किलोमीटर जातो.

कृष्णाकाठची
बाजारकरी भाऊ, तुमचं खरं असेल. पण अशाच "घरी लग्न आहे" गाईनं आमचा गोठा बसवला. पाचव्या दिवशी ती लाळ गाळायला लागली. तोवर तिचं दूध आम्ही सगळ्या वासरांना एकाच बादलीतून पाजलं होतं. एक पाडी होती, कपाळावर चांदणी, सकाळी माझ्या हातातून बाटली ओढून प्यायली. अकरा वाजता वैरण टाकायला गेले तर आडवी, पाय ताणलेले. तोंडात बोट घालून बघितलं, एक फोड नव्हता. आम्हाला वाटलं साप चावला. संध्याकाळपर्यंत दुसरं वासरू गेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं. चार वासरं गेली तीन दिवसांत.

दादा, ज्यानं विकली त्याला माहीत होतं. मी नंतर त्याच्या गावात जाऊन विचारून आले. त्याच्या गोठ्यात आठवडाभर आधीपासून होतं. एक फोन केला असता तरी आम्ही ती बादली वेगळी ठेवली असती.

बाजारकरी
ताई, वाचून वाईट वाटलं. कानातला बिल्ला आणि लसीची नोंद बघितल्याशिवाय आता मी घेत नाही. बिल्ल्याचा बारा आकडी नंबर मोबाईलवर टाकला की कधी टोचलंय ते दिसतं, नोंद केली असेल तर. सगळेच करत नाहीत.

दावणवाला
सगळ्यांचे आभार. सोडा आणला, गोणपाट टाकलंय. गड्याला भावाकडेच राहा म्हटलं, आमच्या धारा आता मी, बायको आणि आई काढतोय. आई पासष्टीची आहे, तिला चार गाया दिल्यात. वासरं घराच्या पडवीत आणून बांधली, त्यांना उकळून गार केलेलं दूध देतोय.

भाऊ मात्र रागावलाय. म्हणतो, मला वाळीत टाकलंस.

मळेवाला
आमच्याकडे पाहुणा आला की चहाआधी गोठा दाखवायची पद्धत. मागच्या साथीत सासरे आले, त्यांनाही सोड्याच्या घमेल्यात उभं केलं. म्हणाले, "पंढरपूरला चंद्रभागेत एवढे पाय बुडवले नाहीत रे जावई." आता ते स्वतःच्या गोठ्याशी घमेलं ठेवतात आणि मला बुडवल्याशिवाय आत घेत नाहीत :)

तापीखोरे
लम्पीच्या वेळचा अनुभव सांगतो, रोग वेगळा असला तरी इथे उपयोगी पडेल. २०२२ च्या साथीत राज्यातली पहिली नोंद आमच्या रावेर तालुक्यात चिनावलला झाली, ऑगस्टच्या सुरुवातीला. तेव्हा कुणाला धड माहीत नव्हतं. अंगावर गाठी बघून लोक म्हणायचे माशी चावली, देवी आल्या. आमच्या गल्लीत एकानं गाय मागच्या पडक्या वाड्यात लपवली. तिथं डबकं होतं, डास-गोमाशांचा नुसता थवा. लम्पी मुख्यतः चावणाऱ्या माशा, डास, गोचीड पसरवतात. सात-आठ दिवसांत त्या वाड्याभोवतीच्या घरांत गाठी दिसायला लागल्या.

नंतर पाच किलोमीटरच्या घेऱ्यात लसीकरण झालं, शेळ्यांच्या देवीची लस गायांना टोचली. बाजार बंद, शर्यती बंद, पोळ्याला बैल मिरवायला बंदी. पोळा तसाच गेला, घरातच ओवाळलं बैलांना. त्या वर्षी सगळ्यांना ते फार लागलं होतं.

पण एक बघितलं. सरकारनं मेलेल्या गाईमागे ३० हजार, बैलामागे २५ हजार, वासरामागे १६ हजार मदत जाहीर केली आणि त्यानंतर लोक आपणहून सांगायला लागले. कारण पंचनाम्यासाठी आजार नोंदवलेला पाहिजे. लाळ्यात मोठं जनावर सहसा मरत नाही, दूध आटतं. आटलेल्या दुधाला कुठेच भरपाई नाही. दावणवाल्याचा भाऊ लपवतोय ते वाईट बुद्धीनं नाही, त्याचा हप्ता थकणार आहे म्हणून.

पशुवैद्य_नगर
तापीखोरे, अगदी बरोबर. एक भर घालतो. लम्पीत खाजगी टोचणीवाल्यांनी एकाच सुईनं गल्लीभर जनावरं टोचली, त्यानं काही गावांत नुकसानच झालं. लस असो, औषध असो, दर जनावराला सुई नवी. मालकानं उभं राहून बघायचं, त्यात लाज कसली.

रानहळद
आमच्या आजी लाळ्यात तोंडाला मध-हळद आणि खुरांना करंजाचं तेल लावायच्या. गाया बऱ्या व्हायच्या. सोडा, लस, १९६२ हे सगळं ठीक, पण घरचं ज्ञान विसरू नका.

पशुवैद्य_नगर
रानहळद, विसरू नयेच. तोंडाच्या जखमेला आराम पडतो, खुराला तेल लावलं की माशी बसत नाही, अळ्या पडत नाहीत. मीही फिकट गुलाबी होईल एवढ्या पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं तोंड धुवायला आणि बोरोग्लिसरीन लावायला सांगतो, मऊ चारा द्यायला सांगतो. हे सगळं आजारी गाईच्या आरामासाठी. शेजारच्या गोठ्यात जाणारा विषाणू त्यानं थांबत नाही. गाय पंधरा दिवसांत आपापली सावरते आणि श्रेय हळदीला मिळतं, तेवढ्यात रोग तीन वस्त्या पुढे गेलेला असतो. आणि विषाणूचे प्रकार अनेक आहेत, आपल्या लसीत ओ, ए आणि एशिया-१ असे तीन असतात. एकदा होऊन गेलं म्हणून दुसऱ्या प्रकारापासून संरक्षण मिळत नाही.

दक्षिणगोलार्ध
न्यूझीलंडमधून. मी सांगलीची, नवरा इथे कॅन्टरबरीत डेअरी फार्मवर काम करतो. इथे लाळ्या खुरकूत नाही, पण २०१७ च्या जुलैमध्ये मायकोप्लाझ्मा बोव्हिस नावाचा आजार पहिल्यांदा सापडला. २०१८ मध्ये देशानं ठरवलं की तो मुळातून काढायचा. लागण असलेले कळपच्या कळप मारले, एक लाखाच्या पुढे जनावरं गेली. भरपाई दिली, पण शेजारच्या फार्मवरची बाई गाड्या आल्या त्या दिवशी घरातच बसून राहिली, बाहेर बघवेना तिला.

मला इथे सांगायचंय ते वेगळं. तपास करताना सगळ्यात अडलं ते नोंदींवर. जनावरं कुठून कुठे गेली याची नोंद करायचा नियम होता, पण वासरं शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिली, कुणी चाऱ्यासाठी हलवली, ते लिहिलंच नव्हतं. त्यामुळे एका फार्मचा धागा दुसऱ्याला जोडायला महिने गेले. आजारही बराचसा वासरांना पाजलेल्या टाकाऊ दुधातून पुढे गेला. कृष्णाकाठची ताईंची बादली वाचून तेच आठवलं.

वाडीवरचा
ताई, तिकडे एकाकडे पाचशे-हजार गाया, मध्ये मैलभर रान. आमच्याकडे तीन गाया, दार उघडलं की शेजाऱ्याची दावण. "नवीन जनावर २१ दिवस वेगळं बांधा" असं प्रत्येक पत्रकात लिहितात. कुठे बांधू? घरात?

गोदाकाठ
आम्ही कांद्याच्या चाळीत बांधतो. उन्हाळी कांदा निघायच्या आधी चाळ रिकामी असते. नसेल तेव्हा मळ्यातल्या आंब्याखाली. बादली, दोरी, घमेलं तिचं वेगळं, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारलाय म्हणजे पोरंसुद्धा उचलत नाहीत. धार सगळ्यात शेवटी तिची. रात्री कुणीतरी तिकडे झोपायला जावं लागतं ते खरं, मीच जातो.

वाडीवरचा
लाल पट्टा करून बघतो. आंबा आहे एक.

जुनाजाणता
माझं वय ७८. पोरं हल्ली लाळ्याला घाबरतात, आम्ही बुळकांडी बघितली. डोळ्यांतून पाणी, तोंडात कोंडा लावल्यासारखे फोड, मग पातळ हगवण आणि आठवड्यात गोठा रिकामा. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीवर एका पंधरवड्यात नऊ बैल गेले, पेरणीला बैल उरला नाही. वडिलांनी आणि काकांनी जू स्वतःच्या खांद्यावर घेऊन पाभर ओढली.

ती बुळकांडी गेली. भारतात शेवटची १९९५ साली दिसली आणि २०११ साली जगातूनच संपल्याचं जाहीर झालं. टोचणारे लोक गावोगाव सायकलवर यायचे, बर्फाच्या डब्यात लस असायची. सुरुवातीला आमच्याकडच्यांनी जनावरं रानात लपवली, टोचलं की गाय गाभडते म्हणत. पुढे एकेका गावानं ठरवलं की एकही जनावर सोडायचं नाही. तेव्हा कुठे हटली. लाळ्याला दर सहा महिन्यांनी टोचावं लागतं, जास्त चिकाटी लागेल, पण होणारी गोष्ट आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय.

पशुवैद्य_नगर
काका, दंडवत. २०१९ मध्ये मथुरेहून लाळ्या खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपातासाठी (ब्रुसेलोसिस) देशभराचा लसीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्याचं लक्ष्य २०३० पर्यंत लाळ्या संपवण्याचं आहे. फेरीच्या वेळी आजही निम्मी वस्ती म्हणते, "दूध कमी होतं, उद्या या." लसीनंतर दोन-तीन दिवस दूध थोडं उतरतं हे खरं. लाळ्यात जे उतरतं ते त्या वेतात सहसा पूर्ण परत येत नाही.

दूधसंकलक
मी संकलन केंद्र चालवतो, म्हणून "सांगावं की नाही" याचं उत्तर देतो. दावणवाला, सांगा. कॅन परत पाठवतील ही भीती बरोबर आहे, काही ठिकाणी पाठवतातही, आणि तसं करणाऱ्यांनी पुढच्या साथीचं बी पेरलं असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्याकडे कुणी सांगितलं तर मी एवढंच करतो: आजारी जनावराचं दूध घेत नाही, निरोगी जनावरांचं घेतो. गाडी त्या वस्तीवर सगळ्यात शेवटी जाते, गोठ्यापर्यंत न जाता डांबरी रस्त्यावर थांबते. मालक कॅन तिथं आणतो, ड्रायव्हर खाली उतरत नाही. चाकांवर सोड्याचं पाणी मारून गाडी पुढे.

ज्यानं लपवलं त्याच्या गोठ्यातून निघालेली तीच गाडी पुढच्या चाळीस दारांत जाते. मला ते नंतर कळतं, तेव्हा मी चाळीस लोकांना काय तोंड दाखवू?

दावणवाला
दूधसंकलक, तुमचा हा प्रतिसाद मी भावाला मोबाईलवर वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. संध्याकाळी त्यानंच डेअरीत फोन लावला. आमच्या डेअरीनं त्याचे कॅन दोन दिवस बंद ठेवले, मग सचिवांशी बोलून निरोगी पाच गायांचं दूध सुरू केलं. गाडी आता फाट्यावर थांबते.

शिवारकन्या
त्या दोन दिवसांच्या दुधाचं काय केलं?

दावणवाला
आईनं आणि वहिनीनं खवा केला. दोघी रात्री एकपर्यंत चुलीपुढे होत्या. या निमित्तानं का होईना, दोन्ही घरं एका चुलीपुढे बसली.

दावणवाला
बावीस दिवसांनी लिहितोय, उशीर झाला.

आमच्या गोठ्यात आला. अकराव्या दिवशी कोपऱ्यातली गाय, मग तिच्या शेजारची. दोघींनाच. तोंडात फोड आले, पण खुरं फार धरली नाहीत, सहाव्या दिवशी मुरघास खायला लागल्या. डॉक्टर म्हणाले जुन्या लसीचा थोडा आधार मिळाला. बाकी दहा दुभत्या, कालवडी, तिन्ही वासरं शाबूत आहेत. दूध दीडशेवरून एकशे दहापर्यंत उतरलं होतं, आज एकशे पंचवीस.

भावाच्या आठपैकी सहांना झालं. एक वासरू गेलं. फोन केल्यावर चौथ्या दिवशी पथक येऊन आसपासच्या वस्त्यांवर टोचून गेलं, वरच्या मळ्यात अजून तरी कुठे नाही.

डॉक्टर, एक विचारायचंय. बऱ्या झालेल्या गाया दुपारी धापा टाकतात, जीभ बाहेर. ताप नाही.

पशुवैद्य_नगर
लाळ्यानंतर काही गायांचं असं होतं, उष्णता सोसत नाही, अंगावर केसही लांब वाढतात. सावली द्या, दुपारी अंगावर पाणी मारा, पाणी चोवीस तास समोर. काहींचं हे कायमचं राहून जातं, त्यामुळे इतक्यात गाभण करायला भरवू नका. आणि बऱ्या झालेल्या जनावरांच्या घशात विषाणू पुढे बरेच महिने राहू शकतो, म्हणून एवढ्यात विकू नका, दुसऱ्याच्या गोठ्यात पाठवू नका.

कृष्णाकाठची
तिन्ही वासरं वाचली हे वाचून फार बरं वाटलं. ती बाजारातली गाभण गाय कशी आहे?

दावणवाला
काल रात्री गाभडली, सातव्या महिन्यात. वार अजून पडलेली नाही. भाऊ हातानं काढू म्हणतोय.

पशुवैद्य_नगर
थांबवा त्याला, आत्ता. लाळ्याच्या तापानं गाभ पडू शकतो, पण बाजारातली गाय आहे, सातवा महिना आहे, सांसर्गिक गर्भपात असू शकतो आणि तो माणसाला लागतो. महिनोन्महिने ताप, सांधे धरतात. उघड्या हातानं वार, गर्भ काही धरू नका. लांब हातमोजे, तोंडाला फडकं. घरात कुणी गरोदर असेल तर तिला तिकडे फिरकू देऊ नका. गर्भ कुत्र्यांच्या तोंडी जाऊ देऊ नका, खोल खड्डा आणि चुना. उद्या डॉक्टरांकडून तिचं रक्त काढून तपासायला पाठवा.

दावणवाला
फोन केला, थांबलाय तो. खड्डा मी खणतोय, चुना आहे. हातमोजे आणायला पुतण्याला गाडीवर पाठवलंय.